बंदिवानांचे किल्ले, मक्तेदारांचा कारभार

जुना किल्ला दुरुस्त होऊन लोकांसाठी खुला झाला, त्याच्या कोठड्यांत चित्रे लागली, तटावर दिव्यांची आरास झाली, की संस्कृतीचे रक्षण झाले असे मानण्याची रीत पडून गेली आहे. फीत कापणारे मंत्री, देणगी देणारे श्रीमंत आणि सचित्र पुरवण्या काढणारी वर्तमानपत्रे या सर्वांचेच त्यात समाधान होते. किल्ल्याच्या दुरुस्तीचा पैसा कोणाच्या खिशातून आला, त्यात पूर्वी कोण कोंडले गेले होते आणि आता त्याचा कारभार कोणाच्या हाती गेला, हे तीन प्रश्न मात्र त्या समारंभात कोणी विचारीत नाही. विचारणारा रसभंग करतो असे मानले जाते.

हा रसभंग करणे आज आवश्यक झाले आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत. हा गौरव रास्त आहे. परंतु गौरवापाठोपाठ पर्यटक येतात, पर्यटकांपाठोपाठ तिकीटखिडकी येते आणि तिकीटखिडकीचा वास आला की मक्तेदार येतो. उद्या गडागडांवर प्रदर्शनाची दालने उभी राहतील. ती कशी असावीत हे ठरवण्यापूर्वी, जेथे हा प्रयोग अगोदरच होऊन गेला आहे त्या गोव्यातील दोन किल्ल्यांची हकीकत तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

टेकडीवरचा तुरुंग

मांडवी नदीच्या उत्तर काठावर, पणजीच्या अगदी समोर, एका टेकडीवर रेईश मागूशचा किल्ला आहे. आदिलशाही चौकीच्या जागी पोर्तुगीजांनी 1551 मध्ये तो बांधला आणि 1707 मध्ये त्याची पुनर्बांधणी केली. 1739 च्या स्वारीत मराठ्यांनी बार्देस जिंकला. तेव्हाही हा किल्ला आणि नदीच्या मुखावरचा आग्वाद हे दोन किल्ले पोर्तुगीजांच्या हातून सुटले नाहीत. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रज फौजेने येथे तळ दिला. पुढे लष्करी उपयोग संपल्यावर किल्ल्याचा तुरुंग झाला. गोव्याच्या मुक्तिलढ्यातील कैदी या जांभ्या दगडाच्या भिंतींआड राहिले. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले; तुरुंग मात्र 1993 पर्यंत चालूच राहिला.

त्यानंतर पडझडीला आलेल्या या वास्तूचे जतन ब्रिटनमधील हेलन हॅम्लिन न्यास, ‘इंटॅक’ आणि गोवा सरकार यांनी मिळून केले. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी ते काम निष्ठेने पार पाडले आणि जून 2012 मध्ये किल्ला सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला. मारिओ मिरांडा यांच्या रेखाचित्रांचे दालन हे त्याचे मोठे आकर्षण. स्वातंत्र्यसैनिकांविषयीही एक दालन तेथे आहे.

या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुरुस्ती नेटकी झाली. मारिओ मिरांडा हे गोव्याचे भूषण होते. गोव्यातील गावगाडा, पाद्री, भाटकार, मासळीबाजार यांच्याकडे त्यांनी ज्या मिस्कील ममतेने पाहिले तिची किंमत कोणी कमी लेखू नये. त्यांची चित्रे पाहण्यासाठी माणसे टेकडी चढतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आक्षेप चित्रांना नाही. आक्षेप आहे तो, या उदाहरणातून राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला त्याला. सरकारची साथ आणि देणगीदाराचा पैसा मिळाला तर सामान्य माणसासाठी उत्तम काम उभे राहते, मग सरकारने आपल्या बळावर हे काम कायमचे का चालवू नये, हा धडा घ्यायला हवा होता. घेतला गेला तो उलटा: वारसा सांभाळण्याचे ओझे सरकारच्या खांद्यावरून उतरवता येते आणि वर टाळ्याही मिळतात!

आग्वादची कोठडी

हा उलटा धडा कोठवर जातो हे पाहायचे तर मांडवीच्या मुखाशी यावे लागते. आग्वादचा किल्ला 1612 मध्ये पुरा झाला. टेकडीवर वरचा किल्ला आणि खाली समुद्राला लागून दुसरा भाग. या खालच्या भागात पुढे गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग होता. समाजवादी चळवळीच्या वाचकाला या तुरुंगाची ओळख करून देण्याची गरज पडू नये. पण विस्मरणाचा वेग पाहता ती द्यावी लागते.

18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. ज्या राज्यात लग्नपत्रिका छापण्यापूर्वीही सरकारी संमती घ्यावी लागे, त्या राज्यात उघड्या मैदानावर बोलू पाहणे हेच बंड होते. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा कुळे स्थानकावर त्यांना पकडून आग्वादच्या कोठडीत टाकण्यात आले आणि काही दिवसांनी हद्दीबाहेर काढण्यात आले. डॉ. टी. बी. कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली. आग्वादमधून त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात झाली. 18 मे 1955 रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी सीमा ओलांडून गेली. त्यानंतर शिरूभाऊ लिमये, मधु लिमये, त्रिदिव चौधरी आत गेले. त्यांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा फर्मावण्यात आल्या आणि फेब्रुवारी 1957 मध्ये ते सुटले. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यात वीसहून अधिक माणसे मारली गेली. सशस्त्र मार्गाने लढणारे मोहन रानडे ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात, म्हणजे रेईश मागूशच्या पायथ्याजवळच, जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालच्या तुरुंगातून त्यांची सुटका व्हायला 1969 साल उजाडले.

हा तुरुंग 2015 पर्यंत वापरात होता. मग केंद्र सरकारच्या ‘स्वदेश दर्शन’ योजनेच्या पैशातून त्याचे नूतनीकरण झाले आणि 19 डिसेंबर 2021 रोजी, मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे संग्रहालय म्हणून उद्घाटन झाले. लोहिया आणि कुन्हा यांच्या कोठड्या जतन केल्या गेल्या. येथवर सारे यथायोग्य. परंतु त्याच परिसराचा कारभार एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला. सरकारने पैसा घालायचा, कंपनीने व्यवहार चालवायचा! कैद्यांच्या अंगणात कार्यक्रम, खानपान आणि करमणूक यांची सोय झाली. वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांनी या बाजारीकरणावर आक्षेप घेतले. त्यांची दखल सभ्य शब्दांत घेऊन कारभार पूर्ववत चालू राहिला.

गोव्यात हे नवे नाही. आग्वादच्याच तटाला लागून 1970 च्या दशकात पंचतारांकित हॉटेल उभे राहिले आणि 1983 मध्ये राष्ट्रकुलाचे राष्ट्रप्रमुख तेथे विश्रांतीला येऊन गेले. ज्या तेरेखोलच्या किल्ल्यात 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने शिरून तिरंगा लावला, त्या किल्ल्यातही अनेक वर्षे हॉटेल चालले. सत्याग्रहींनी जिवावर उदार होऊन गाठलेला तट पाहुण्यांच्या जेवणाचा सज्जा झाला.

ताडकळसचा हिशेब

या सगळ्याशी मराठवाड्यातील माणसाचा संबंध काय, असे विचारले जाईल. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस घ्या. तेथल्या बाजारात साबणाची वडी आणि प्लास्टिकची बादली विकत घेणाऱ्या शेतमजूर बाईला रेईश मागूश हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही तिचा संबंध आहे आणि तो दुहेरी आहे.

पहिला संबंध इतिहासाचा. 15 ऑगस्ट 1947 रोजी ज्या भूभागांवर तिरंगा फडकवणे हा गुन्हा होता त्यांत पणजी होती, तशी परभणीही होती. निजामाची राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली, सालाझारची 19 डिसेंबर 1961 ला. तुरुंग वेगळे होते, पण गुन्हा एकच होता. म्हणून आग्वादची कोठडी ही काही फक्त गोमंतकीयांची खासगी आठवण नव्हे.

दुसरा संबंध पैशाचा. ही बाई प्राप्तिकर भरत नाही, म्हणून ‘करदाता’ हे बिरुद सुखवस्तू वर्गाने आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतले आहे. वस्तुतः साबणावर, बादलीवर, चपलेवर ती वस्तू व सेवा कर भरते, एस.टी.च्या तिकिटात डिझेलवरचा करही तिच्याच माथी येतो. अप्रत्यक्ष कराला गरिबीची सीमारेषा ठाऊक नसते. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर त्याचा भार श्रीमंतापेक्षा तिलाच अधिक जाचतो. या करांच्या गंगाजळीतूनच पर्यटनाच्या योजनांना निधी जातो. म्हणजे किल्ल्याची दुरुस्ती झाली त्यात तिचाही वाटा आहे. तिचा मुलगा शाळेच्या सहलीबरोबर गोव्याला गेला, तर तिकीटखिडकीवर तो दुसऱ्यांदा पैसे मोजणार आणि ते पैसे ज्या हिशेबात जमा होणार, तो हिशेब पाहण्याचा अधिकार ना त्याला, ना त्याच्या आईला!

तीन सबबी

या व्यवस्थेचे समर्थन नेहमी तीन सबबींनी होते. पहिली सबब: सरकारजवळ पैसा नाही. ही सबब ज्या राज्यकर्त्यांच्या तोंडून येते, त्यांना देखाव्यासाठी पैसा कधीच कमी पडलेला नाही. मालवणजवळच्या राजकोट येथे 4 डिसेंबर 2023 रोजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे थाटात अनावरण झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी, नऊ महिनेही पुरे होण्यापूर्वी, तो कोसळला. समारंभाला पैसा आहे, संगोपनाला नाही, असा या राजवटींचा खाक्या आहे. एखाद्या किल्ल्याची वार्षिक देखभाल, चार पहारेकरी, दोन अभ्यासक, छपराची दुरुस्ती आणि कागदपत्रांची निगा, हा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात नजरेतही भरत नाही.

दुसरी सबब: खासगी कारभार अधिक कार्यक्षम असतो. कार्यक्षमता कशासाठी, हा प्रश्न येथे गाळला जातो. नफा हे उद्दिष्ट असलेल्या संस्थेची कार्यक्षमता नफा वाढवण्यात असते आणि त्यात अनैतिक काही नाही. परंतु रात्रीच्या मैफलीने नफा वाढतो, कैद्याच्या जबानीने वाढत नाही. मेजवानीला अंगण भाड्याने जाते. कोठडी मात्र जागा अडवते. ज्या वस्तूला ग्राहक नाही ती वस्तू दुकानदार मांडणीच्या मागच्या फळीवर टाकतो. स्मृती दुकानदाराच्या हाती दिली की तिचेही तेच होणार. त्यासाठी दुकानदार दुष्ट असावा लागत नाही.

शिवाय या नफ्याचे स्वरूप काय? रिकार्डोने जमिनीच्या खंडाची जी मीमांसा केली ती येथे तंतोतंत लागू पडते. टेकडीवरून दिसणारी मांडवी कंपनीने निर्माण केलेली नाही, तट तिने बांधलेला नाही, रस्ता सार्वजनिक पैशाचा आहे, आणि त्या जागेला जे नैतिक मोल आहे ते कैद्यांनी भोगलेल्या वर्षांतून आले आहे. दुर्मिळ जागेवर ताबा मिळाला म्हणून हाती पडणारे हे उत्पन्न उद्योगाचे नव्हे, खंडाचे आहे. आणि खंड खातो त्याला उद्योजक म्हणत नाहीत, जमीनदार म्हणतात. कुळकायद्याने शेतातला जमीनदार हटवला. आता तो किल्ल्याच्या दरवाजावर तिकिटे फाडीत बसला आहे.

तिसरी सबब सर्वांत साळसूद: हे तर दान आहे, दत्तक घेणे आहे. सप्टेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने स्मारके दत्तक देण्याची योजना काढली आणि एप्रिल 2018 मध्ये दिल्लीचा लाल किल्ला पाच वर्षांसाठी एका सिमेंट उद्योगसमूहाच्या स्वाधीन झाला. आझाद हिंद सेनेच्या सेनानींवर ज्या किल्ल्यात खटला चालला, त्याला पाळण्यात घालण्याची ही भाषा! दत्तक घेतात ते पोरक्याला. शंभर कोटींहून अधिक माणसांचे हे राष्ट्र हयात असताना लाल किल्ला पोरका झाला कधी? महाराष्ट्रानेही यात कसर ठेवली नाही. मराठवाड्यातला नळदुर्ग 2014 मध्ये खासगी कंपनीकडे संगोपनाला दिला गेला. तेथे स्वच्छता झाली, बगीचा फुलला, हे मान्य. पण जे काम कंपनीला जमले ते पुरातत्त्व खात्याला का जमू दिले गेले नाही, याचे उत्तर मिळाले नाही. सप्टेंबर 2019 मध्ये तर किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याचे धोरणच निघाले. जनक्षोभ उसळल्यावर, हे फक्त असंरक्षित किल्ल्यांपुरते आहे, शिवकालीन गडांना धक्का नाही, असा खुलासा करण्यात आला. जणू कमी प्रसिद्ध किल्ला हा कमी सार्वजनिक असतो!

पेनिशचे उत्तर

‘जगभर हेच चालते’ असे सांगणाऱ्यांनी पेनिशकडे पाहावे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचा हा किल्ला 1934 पासून हुकूमशाहीचा राजकीय तुरुंग होता. सालाझारने तेथे आपल्याच देशातील कम्युनिस्ट आणि लोकशाहीवादी कोंडले, आणि टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांच्यासारखे गोमंतकीयही कोंडले. एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर 27 तारखेला त्याचे दरवाजे उघडले. पुढे 2016 मध्ये पोर्तुगीज सरकारलाही आपल्याकडच्यासारखीच बुद्धी झाली: खासगी गुंतवणुकीसाठी द्यावयाच्या वास्तूंच्या यादीत पेनिशचे नाव आले. तेव्हा जुने कैदी उभे राहिले, नागरिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सरकारला ते नाव मागे घ्यावे लागले. 2017 मध्ये तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय करण्याचा निर्णय झाला. 27 एप्रिल 2024 रोजी, दरवाजे उघडल्याला बरोबर पन्नास वर्षे होताना, ते पूर्णत्वाने खुले झाले. तेथे कोंडलेल्या अडीच हजारांवर राजबंद्यांची नावे तेथे कोरलेली आहेत.

कुन्हांना कोंडणाऱ्या देशाने आपला तुरुंग मक्त्याने देण्याचे पाप वेळीच टाळले; कुन्हा ज्यांच्यासाठी कोंडले गेले त्या देशाला ते टाळता आले नाही. ही तुलना बोचणारी आहे, आणि ती बोचावी यासाठीच येथे केली आहे.

पेनिश आणखीही एक गोष्ट शिकवते. संग्रहालय म्हणजे परक्या राजवटीवर ठपका ठेवून मोकळे होण्याची जागा नव्हे. पोर्तुगालने स्वतःच्याच राजवटीचा गुन्हा मांडला. आपल्या दालनांनाही हे धैर्य हवे. पोर्तुगीज गेल्यानंतर रेईश मागूशचा तुरुंग बत्तीस वर्षे आणि आग्वादचा चोपन्न वर्षे स्वतंत्र भारताने चालवला. वसाहतवाद्यांनी बांधलेल्या त्याच कोठड्यांत स्वतंत्र देशाचे गरीब कैदी आणि कच्चे कैदी दिवस मोजीत राहिले. ते कोण होते, कोणत्या गुन्ह्यासाठी, वकिलावाचून किती काळ खितपत पडले होते, हे सांगणारी एक भिंत तेथे का नसावी? आणि ज्या मधु लिमयांना सालाझारने कोंडले त्यांनाच 1975 मध्ये आणीबाणीत भारत सरकारनेही कोंडले, ही नोंद शाळकरी मुलांच्या नजरेस का पडू नये? ज्या प्रदर्शनातून कोणत्याही चालू सरकारला अस्वस्थता येत नाही, ते प्रदर्शन शोभेचे समजावे.

मागण्या

केवळ निषेधाने काही साधत नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मागितल्या पाहिजेत. एक, सार्वजनिक पैशाने जतन झालेल्या कोणत्याही किल्ल्याचा कारभार मक्त्याने देऊ नये. तो इतिहासाचे अभ्यासक, शिक्षक, स्थानिक ग्रामपंचायत, स्वातंत्र्यसैनिकांचे वारस आणि तेथले कामगार यांच्या सार्वजनिक मंडळाकडे असावा. दोन, विद्यार्थ्यांना प्रवेश विनामूल्य असावा आणि आठवड्यातून एक दिवस सर्वांनाच. तीन, जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा आणि किल्ल्याच्या दारावर लागावा. चार, पहारेकरी, सफाई कामगार, माहिती सांगणारे यांना कंत्राटात न ठेवता कायम करावे. मुक्तीचे स्मारक वेठबिगारीवर चालू नये. पाच, देणगी जरूर घ्यावी, पण तिच्याबरोबर कारभाराचा हक्क जाऊ नये. सहा, पुढाऱ्यांइतकेच नामदार नसलेल्या सत्याग्रहींचे नाव, गाव आणि शिक्षा मराठी व कोकणीत भिंतीवर यावे. जे हयात असतील त्यांच्या जबान्या विनाविलंब नोंदवाव्यात.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. सार्वजनिक वस्तू सार्वजनिक राहावी, एवढेच तिचे सार. युनेस्कोच्या यादीतील गडांना आणि यादीत नसलेल्या कंधार, उदगीर, औसा, परांडा या मराठवाड्यातील किल्ल्यांनाही ती लागू आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी हा विषय इतिहासप्रेमींचा छंद समजून बाजूला सारू नये. पाणी, वीज, शिक्षण, रुग्णालये ज्या वाटेने बाजारात गेली त्याच वाटेवर आता किल्ले उभे आहेत.

ताडकळसच्या शाळेची सहल एखाद्या वर्षी आग्वादला पोहोचेल. त्या मुलांना दारात तिकीट मागितले जाऊ नये. लोहियांना या कोठडीत का टाकले, एवढा प्रश्न त्यांना विचारला जावा आणि उत्तर सांगणारा माणूस तेथे पगारावर असावा. हे साध्य होईपर्यंत किल्ला खुला झाला असे कोणी म्हणू नये.